माना खाली घातलेली पाखरं

मंगल कार्यालयाला आमच्या मन्नारगुडीत महाल म्हणतात. आमच्या महालात संगमरवर फक्त पायऱ्यांना आहे, बाकी सगळी साधी फरशी. पण एकदा सजावटवाले आत शिरले की फरशीकडे बघतो कोण? मी इथला मॅनेजर. लग्नं इतकी पाहिली की आता नवरानवरी लक्षात राहत नाहीत, मांडव तेवढा राहतो. कुणाच्या लग्नात कमान केवढी होती, केळीचे घड किती भरलेले होते, हे विचारा, सांगतो. ती जोडपी पुढे नांदली की नाही, ते माझं खातं नव्हे.

तांदळाच्या गिरणीवाले तंगवेलू यांच्या धाकट्या मुलीचं लग्न म्हणजे अख्ख्या गावाला आमंत्रण. मुहूर्त दुसऱ्या दिवशी पहाटेचा, पण नवरदेव आदल्या संध्याकाळीच वाजतगाजत येणार, म्हणून सजावट त्याच्या आत उरकायची. आतल्या स्टेजसाठी त्रिचीहून माणसं आली होती. त्यांनी सकाळपासून थर्माकोलचे हत्ती, गुलाबी पडदे आणि रंगीत पाणी उडवणारं एक कारंजं लावायला घेतलं होतं. कारंज्याची मोटर चालत नव्हती. मी त्यात पडलो नाही.

फाटकाचं काम मात्र वल्लीचं. सुंदरवल्ली, गावातली मांडववाली. बापामागे तिने धंदा हातात घेतला तेव्हा लोक हसले होते. आता तेच लोक तारीख मिळावी म्हणून तिच्या ओट्यावर बसून राहतात. आवाज असा, की मांडवात असली की लाऊडस्पीकर लागत नाही. फाटकाच्या दोन्ही बाजूंना घडासकट केळी, वर झावळ्यांची कमान आणि कमानीवर ओळीने तोरणं, असं तिचं ठरलेलं काम. यंदा तोरणं गावातल्या विणकऱ्याच्या, पक्किरीसामीच्याच हातची हवीत, असा तंगवेलूंच्या आईचा हट्ट होता. आत काय प्लॅस्टिकचं लावायचं ते लावा, दारावर मात्र हातचं तोरण पाहिजे, असं म्हातारीने मुलाला बजावलं होतं.

तोरण म्हणजे नारळीची कोवळी पिवळी पात, अजून न उलगडलेली. ती चिरायची, दुमडायची आणि तिची पाखरं करायची. लग्नाच्या तोरणात चार पाखरं, माना वर. मर्तिकाच्या तोरणात तीन, माना खाली. पात तीच, सुरी तीच, विणणारा माणूसही तोच. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि वऱ्हाडातल्या बायका तर फाटकाशी आल्या की आधी पाखरं मोजतात, मग चपला काढतात.

पक्किरी अंगणातल्या कडुनिंबाखाली गोणपाट टाकून बसला होता. पन्नाशी उलटलेला, अंगाने काटक, बोलण्यात तिरकस. बाजूला पातींचा ढीग, आणि त्या ढिगावर ठेवलेला त्याचा फोन सकाळपासून वाजत होता.

“फोन वाजतोय, पक्किरी,” वल्ली फाटकातून म्हणाली.

“वाजू दे अक्का. त्याचं काम वाजायचं, माझं विणायचं.”

“बायकोचा असेल.”

“बायको मला फोन करत नाही. ती सरळ येते.”

केळी बांधणारे गडी हसले. पक्किरीने डोकं वर केलं नाही. फोन पुन्हा वाजला तेव्हा त्याने तो उचलून नाव तेवढं बघितलं आणि फोन पातींच्या ढिगाखाली सारला. ढीग बराच वेळ आतून गुणगुणत राहिला.

थोड्या वेळाने वल्ली माझ्या ऑफिसात आली आणि तिने दार लावून घेतलं. वल्ली दार लावून बोलते म्हणजे काहीतरी झालेलं असतं.

“राव सार, वैत्तिलिंगम गेला.”

“कधी?”

“आज सकाळी. त्याच्या मुलीचा फोन होता, तमिळरसीचा. पक्किरी उचलत नाही म्हणून शेवटी मला केला.”

वैत्तिलिंगम म्हणजे पक्किरीचा थोरला भाऊ. कालव्यापलीकडच्या गावात राहायचा. पूर्वी दोघे एकाच गोणपाटावर समोरासमोर बसून विणायचे, आणि कुणाचं तोरण कुठलं हे त्यांनाही ओळखता यायचं नाही. मग त्यांची आई वारली. पक्किरी तेव्हा तंजावरला एका मोठ्या लग्नाच्या कामावर होता. सुतक लागतं ते कळल्यापासून. ज्याला कळलं नाही त्याला सुतक नाही, असंच आमच्याकडे धरून चालतात. वैत्तिलिंगमने विचार केला, लोकांचं शुभकार्य आहे, भावाच्या हातातलं काम आहे, कशाला मोडता घाला. त्याने निरोप दाबून ठेवला. पक्किरी तोरणं बांधून, लग्नाचं जेवून, घरी लाडू घेऊन आला, तेव्हा आईची राख थंड झालेली होती. त्या दिवसापासून तो भावाशी बोलला नाही. बाजारात भाऊ समोर आला तर हा असा बघायचा, जणू तिथे कुणी उभंच नाही.

“आता काय करू?” वल्ली म्हणाली. “सांगितलं की तो उठणार. मग त्याचा हात कशाला लावून चालणार नाही. कमान अर्धी आहे, आतल्या दाराचं तर सगळंच राहिलंय. आणि तिकडे वैत्तीला मुलगा नाही. अग्नी द्यायचा तो ह्यानेच. दिवे लागायच्या आत नेणार म्हणतात.”

“मग सांगून टाक.”

“आणि तोरणं तुम्ही विणाल? संध्याकाळी सांगते. कमान होऊ दे.”

“म्हणजे वैत्तीने केलं तेच. त्याचं पुढे काय झालं ते पाहिलंस ना?”

“पाहिलं. म्हणून तर तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणा काहीतरी.”

“मी महालाचा मॅनेजर आहे, वल्ली. माझ्याकडे लाइट, पाणी आणि संडासाच्या किल्ल्या आहेत.”

“तुमच्या अंगात रक्त आहे की ताक, हे एकदा तपासून घ्या,” ती म्हणाली आणि दार उघडून गेली.

जेवणं झाली. पक्किरी पानावरून उठला तो सरळ शिडीवर चढला आणि तोरणं बांधायला लागला. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीशी एक मोटरसायकल थांबली. मागे बसलेली बाई उतरली. केस सुटे, साडी चुरगळलेली, पायांत चपला नाहीत. तमिळरसी स्वतःच आली होती. रस्ता ओलांडून ती आली नाही. सुतकातलं माणूस लग्नाच्या फाटकाशी येत नाही, आणि सुतकात असताना ते विसरायला माणूस वेडं व्हावं लागतं. ती टपरीच्या बाकावर बसली आणि शिडीवरच्या काकाच्या पाठीकडे बघत राहिली.

वल्ली पदर खोचून रस्त्यापलीकडे गेली. मी मागोमाग गेलो. मला बघायचं होतं, दुसरं कारण नाही.

“अक्का, चित्तप्पांना सांगितलंत?” तमिळरसीने विचारलं. काकाला ती लहानपणापासून चित्तप्पा म्हणायची. भांडण झालं तरी ते बदललं नव्हतं.

“नाही अजून.”

“का?”

“वर चढलाय तो. कमान होऊ दे, पोरी. थोडा वेळ.”

“तुमचा थोडा वेळ केवढा असतो? सावल्या बघा कुठे गेल्यात. गल्लीतली माणसं विचारायला लागलीत.”

“तुझा नवरा आहे की. तो देईल अग्नी.”

नवरा मोटरसायकलच्या टाकीकडे बघत होता.

“देईल,” तमिळरसी म्हणाली. “पण अप्पा म्हणाले होते, अग्नी पक्किरी देईल. मी म्हटलं, ते येणार नाहीत, उगाच आशा नका धरू. तर म्हणाले, येवो न येवो, निरोप पोचला पाहिजे. मी एकदा दाबला, तू दाबू नकोस. मला निरोप पोचवायचाय, अक्का. इथून ओरडून सांगू का?”

“नको.”

वल्लीने तिचा हात धरायला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. शिवली असती तर घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय तिला फाटकात येता आलं नसतं. तमिळरसीने ते पाहिलं.

“थांबते,” ती म्हणाली. “पण फार नाही थांबणार.”

आम्ही परत आलो. मला तेव्हा एक गोष्ट खटकली. शिडीवरचा माणूस सारखा मागे वळतो. पात मागायला वळतो, खालच्याला शिव्या द्यायला वळतो, रस्त्याने कोण चाललंय ते बघायला तर हटकून वळतो. पक्किरी एकदाही वळला नव्हता. पात हवी असली की तो न बघता हात मागे करायचा. मांडवातल्या सगळ्यांनी ती बाई पाहिली होती, टपरीवाल्याने तिला पाणी नेऊन दिलं होतं, आणि पक्किरीची पाठ मात्र भिंतीसारखी रस्त्याकडे लावलेली. म्हटलं, ह्याला ठाऊक आहे. वल्ली त्याच्यापासून लपवते आहे आणि हा वल्लीपासून.

मध्येच तंगवेलू गाडीतून उतरले. पांढरा शर्ट, नेसूला पांढरी वेष्टी, कपाळाला विभूती आणि हातात दोन फोन.

“पक्किरी, आतले हत्ती बघितलेस का? सोंड हलते त्यांची.”

“हलू दे अय्या. लोक माझ्या दारातूनच आत जाणार.”

“आई म्हणते, तुझ्या हातचं तोरण दारावर असलं की घर सुखात राहतं.”

“तसं असतं तर माझ्या दारावर मी रोज एक बांधलं असतं.”

तंगवेलू मोठ्याने हसले. मग सहज, अगदी सहज म्हणाले, “तुझ्या अण्णाचं काय रे? आजारी होता ना?”

वल्लीच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

“मला कुठे काय कळतं, अय्या,” पक्किरी म्हणाला आणि गाठ मारली.

तंगवेलूंना उत्तराशी कर्तव्य नव्हतं. कारंजं चाललं का, म्हणून विचारत ते आत गेले.

उन्हं कलायला लागली तेव्हा कमान पुरी झाली. मी दिव्यांच्या माळा तपासत फाटकाशी आलो आणि सवयीने वर बघितलं. कमानीच्या बरोबर मध्यावर, जिथून नवरदेव डोकं वाकवून आत येणार, तिथल्या तोरणात तीन पाखरं होती. मी पुन्हा मोजली. तीनच, आणि माना खाली. इतकी लग्नं पाहिली, पण लग्नाच्या दारावर असलं तोरण मी कधी पाहिलं नव्हतं.

“पक्किरी, मधलं तोरण बघ.”

“बघितलंय सार. नीट आहे.”

“पुन्हा बघ.”

त्याने बघितलं. सोडवून हातात घेतलं आणि शिडीवरून खाली उतरला. वल्ली धावत आली आणि तिचा आवाज बसला.

“हे इथे कसं आलं?”

“चुकलं.”

“तुझ्या हातून?”

तो गोणपाटावर बसला. नवी पात घेतली, चिरली, दुमडायला लागला. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. पहिलं पाखरू झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. तिथे त्याचा हात थांबला आणि काम संपलं असं समजून त्याच्या बोटांनी शेवटची गाठ मारून टाकली. त्याने तोरण उचलून धरलं. माना खालीच लोंबत होत्या. ते बाजूला ठेवून त्याने तिसरी पात उचलली.

“पुरे,” वल्ली म्हणाली.

“होईल. पात सुकलीय.”

“पात ताजी आहे, पक्किरी.”

“मला काही कळलेलं नाही, अक्का.”

“कळलंय तुला.”

“कोणी सांगितलं? कोणीच नाही. मी फोन उचलला नाही. रस्त्याकडे बघितलं नाही. आई गेली तेव्हा त्याने मला कळू दिलं नाही ना? मग आता मला कळलेलं नाही. दिवे लागेपर्यंत मी इथे बसतो. मग सांगा काय सांगायचं ते. फिटंफाट.”

पण त्याची बोटं पातीत अडकली होती आणि पात हलत नव्हती.

वल्लीने कमानीकडे बघितलं, अजून मोकळ्या असलेल्या आतल्या दाराकडे बघितलं, मग उन्हाकडे. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. ती गप्प राहिली असती तर घटकाभरात दिवे लागले असते, आणि पक्किरीचंही म्हणणं तेच होतं. दोघांचंही भलं गप्प राहण्यात होतं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“पक्किरीसामी,” ती म्हणाली. तिने त्याला पुरं नाव घेऊन हाक मारलेली मी प्रथमच ऐकली. “तुझा अण्णा वैत्तिलिंगम आज सकाळी वारला. मी तुला सांगतेय. राव सार साक्षीला आहेत. अग्नी तू द्यावास अशी त्याची इच्छा होती. तमिळरसी समोर बसलीय. आता कळलं?”

आत त्याच क्षणी कारंजं सुरू झालं. त्रिचीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

“कळलं,” पक्किरी म्हणाला.

मग तो रडला. पात मांडीवर तशीच ठेवून, आवाज न करता, खांदे गदगदत. मला वाईट वाटलं. सहसा वाटत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. केळी बांधणारे गडी बाजूला झाले. दुःखात लांब राहायचं म्हणूनही आणि सुतक लागलं म्हणूनही.

तो उठला. सुरी कमरेला खोचली, चुकलेली दोन्ही तोरणं उचलली. जाताना केळीच्या पानाला खांदा लागू नये म्हणून त्याने अंग चोरलं. दिवसभर बांधलेल्या त्या कमानीखालून तो गेला नाही. भिंतीकडेच्या बोळातून, जिथून आम्ही उष्ट्या पानांच्या पाट्या काढतो, तिथून बाहेर पडला आणि रस्त्यावरून वळून म्हणाला,

“आतलं दार राहिलंय, अक्का.”

“बघते मी.”

“चार. माना वर.”

“मला शिकवू नकोस. जा.”

तो दोन पावलं गेला आणि परत वळला. “उरलेल्या पाती नेऊ?”

वल्लीने ढिगातला एक मोठा जुडगा सुतळीने बांधला, आणि हाताला हात लागू नये म्हणून फाटकावरून रस्त्यात फेकला. पाठोपाठ त्याचा फोन रुमालात गुंडाळून फेकला. त्याने फोन झेलला, जुडगा उचलला आणि रस्ता ओलांडला.

तमिळरसी बाकावरून उठून उभी राहिली. तिने दिवसभर बहुधा बोलायचं पाठ करून ठेवलं असावं.

“चित्तप्पा, अप्पा...”

“कळलं. अक्काने सांगितलं.”

तिने मान हलवली. मग ती घरचं बोलली. “दाराला तोरण नाही अजून. पाती आणून टाकल्यात कुणीतरी, पण गावात विणणारं कोण आहे? अप्पाच विणायचे.”

पक्किरीने हातातली दोन तोरणं पुढे केली.

“ही दोन झालीत.”

तिने ती घेतली आणि आमच्याकडची कुठलीही बाई करते तेच केलं. पाखरं मोजली. तीन, माना खाली. दुसऱ्यातही तीन. तोवर ती रडली नव्हती. आता तिला बाकाचा आधार घेऊन खाली बसावं लागलं.

“कधी केलीत?” तिने विचारलं.

“सकाळपासून हात तेच करतायत,” पक्किरी म्हणाला. “ऊठ. उशीर होईल.”

इकडे वल्लीने फाटकात हळदीचं पाणी शिंपडलं, त्रिचीच्या माणसांना दोन शिव्या दिल्या आणि स्वतःच गोणपाटावर मांडी ठोकली. बापाने लहानपणी शिकवलेलं तिला अर्धंमुर्धं आठवत होतं. तिच्या पहिल्या तोरणातल्या चौथ्या पाखराची मान वाकडी झाली, पण वर होती. ते कमानीच्या मध्यावर बांधायला ती चढली तेव्हा मी शिडी धरली. मला कुणी सांगितलं नव्हतं.

शिडीशी उभा असताना मला पलीकडचा रस्ता दिसत होता. नवऱ्याने मोटरसायकल सुरू केली. तमिळरसी त्याच्या मागे बसली, आणि तिच्या मागे, सगळ्यात शेवटी, पक्किरी. जुडगा त्याने मांडीवर घेतला होता. बसल्या बसल्या त्याने एक पात ओढली, चिरली, दुमडली. दोन्ही हात कामात, धरायला एकही मोकळा नाही. गाडीला गचका बसला तेव्हा तमिळरसीने मागे हात घालून त्याचा सदरा मुठीत धरला, आणि कालव्याच्या वळणापर्यंत मला दिसत होतं तोवर तो तसाच धरून ठेवला होता.